रांग उलटी जात नाही

ज्या गावात पाणी काढायला गेलो, त्या गावचं पाणी मी कधी प्यालो नाही. सगळी नोकरी हा नियम पाळला आणि एकदाच मोडला. तो कुठं आणि कुणासाठी मोडला, तेवढं सांगतो.

मी सरकारी बोअरच्या गाडीवर होतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात या गाड्या आल्या आणि माझ्यासारख्या अणदूरच्या मॅट्रिक नापास पोराला पगार सुरू झाला. ट्रकवर एक उंच मनोरा असतो. त्यातून लोखंडी दांडा खाली जातो. दांड्याच्या टोकाला हवेच्या दाबावर चालणारा हातोडा असतो. तो दगड फोडत खाली उतरतो आणि फुटलेल्या दगडाची धूळ हवेबरोबर वर फेकली जाते. दांडा संपला की दुसरा जोडायचा. खाली काय आहे ते त्या धुळीवरून कळतं. राखाडी धूळ म्हणजे काळा पाषाण. लाल म्हणजे गेरूचा थर. धूळ ओली होऊन गोळे पडायला लागले की समजायचं, जवळ आलो. आणि वर गावात काय शिजतंय, ते पुढारी किती गोड बोलतोय त्यावरून कळतं.

कारण बोअर सरकारी, सार्वजनिक. पण प्रत्येक गावातल्या वजनदार माणसाला ती आपल्या दारात हवी असते. भूगर्भवाले साहेब येऊन जागा ठरवतात, खुंटी ठोकतात, वर चुन्याची फुली मारतात. आम्ही फक्त खुंटी बघायची. मधल्या काळात खुंटीला पाय फुटतात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शेवटी-शेवटी मला जागेवरची खुंटी दिसली तरी शंका यायची. आमच्यात एक म्हण होती: ज्याचं पाणी प्यायलं, त्याच्या दारात बोअर. म्हणून मी घरून मातीचा बुधला भरून न्यायचो. चहा नको, सरबत नको, ताक तर नकोच नको. बायको म्हणायची, "तुम्ही देवळातल्या तीर्थाचासुद्धा आधी वास घेता." खोटं नव्हतं ते.

नळदुर्गाकडच्या एका गावात एक गृहस्थ मला हाताला धरून शेताच्या कोपऱ्यात घेऊन गेले. सगळं रान करपलेलं आणि त्या कोपऱ्यात हिरवीगार हरळी. म्हणाले, "आता निसर्गच दाखवायलाय, तर आपण माणसं कोण?" मी मूठभर माती उचलून वास घेतला. साबणाचा वास आला. घरदार पंधरवडाभर तिथं अंघोळीला जात होतं. दुसऱ्या एका ठिकाणी पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ नेमका सरपंचांच्या गोठ्यापाशी उभा राहायचा. मी नारळ मागून घेतला आणि गावभर फिरलो. तो गाढ झोपलेला. पाणाड्या म्हणाला, "तुमच्या हाताला गुण न्हाय." असेलही. पण अशा माणसांत वीस-पंचवीस वर्षं काढल्यावर हाताला गुण राहतो कुठं?

तर आता त्या गावाचं. लोहाऱ्याहून माकणीकडं जाताना डावीकडं वळावं लागायचं. ऐंशीनंतरचं एक कोरडं वर्ष होतं. माकणीला धरणाचं काम चाललेलं, म्हणजे पाणी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, कधी ते कुणालाच नाही. गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या. दूध सोसायटीच्या कॅनमध्ये तळ दिसायचा, लोक म्हशी विकत होते. पाणी राहिलं होतं ते फक्त गावाबाहेर दर्ग्याच्या आडाला.

साहेब जागा बघायला निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. गाडी आत शिरेल का, मनोरा उभा करताना वरून तार जाते का, हे बघायला आमच्यातला एक माणूस लागतो. दूध सोसायटीचे चेअरमन, त्यांना गावात तात्या म्हणायचे, आम्हाला वेशीवर घ्यायला आले आणि थेट दर्ग्यापाशी घेऊन गेले. माझ्या मनात पहिली घंटा तिथंच वाजली. गाव सोडून दर्गा कशाला?

तिथं आडावर बायकांची रांग होती आणि रांगेत काहीतरी विचित्र चाललं होतं. पुढची बाई पोहरा सोडायची, पाणी शेंदायची आणि स्वतःची घागर सोडून मागच्या बाईच्या घागरीत ओतायची. मग मागची पुढं येऊन दोर हातात घ्यायची आणि तिच्या मागचीची घागर भरायची. स्वतःच्या घागरीत कुणीच ओतत नव्हतं. मला वाटलं, हिशेबाची काहीतरी चलाखी असणार.

"चलाखी कसली," दर्ग्याचे मुजावर इमामचाचा म्हणाले. दाढी पिकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "बाबाचा हुकूम हाय. इस आड का पानी अपने वास्ते नै शेंदने का. मागं जो हाय त्याच्यासाठी शेंदायचं."

"आणि सकाळी पहिल्या बाईची घागर कोण भरतं?"

"मी."

"आणि शेवटच्या बाईच्या मागं तर कुणीच नसतं."

"ती जनावरांची डोणी भरती. जनावर बी मागंच उभं असतंय की ओ."

साहेब त्यांचं यंत्र मांडून बसले तोवर चाचांनी मला बाबांची हकीकत सांगितली. गावात त्यांना तहान्या पीर म्हणतात. बहामनी काळात गुलबर्ग्याकडून आले. तरुणपणी ते आपल्या गुरूबरोबर माळरानातून चालले होते. दुष्काळ होता, दोघंही तहानेनं व्याकूळ. एक विहीर दिसली. हा तरुण पुढं धावला, पाणी शेंदलं, प्याला, पुन्हा शेंदलं, पुन्हा प्याला. तिसरा पोहरा गुरूसाठी भरून मागं वळला, तेव्हा गुरू मागं पडलेले होते आणि पाणी घ्यायला त्यांच्यात जीव नव्हता. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली, आपल्या तहानेसाठी आपल्या हातानं पाणी काढायचं नाही. कुणी दिलं तर प्यायचं.

पुढं फिरत फिरत ते या गावी आले आणि वेशीवर बसले. लोक म्हणाले, विहीर तिकडं आहे, घ्या काढून. ते काढीनात. गावाला संशय आला. कुणी म्हणे सुलतानाचा हेर आहे, कुणी म्हणे चेटूक करणारा, म्हणून पाण्याला शिवत नाही. (त्या गावकऱ्यांबद्दल मला आपुलकी वाटली, हे कबूल करतो.) माणूस तहानेनं मरायला टेकला तेव्हा एक बाई पुढं आली आणि तिनं पाणी शेंदून त्यांच्या ओंजळीत ओतलं. ते तिथंच राहिले. पुढच्या दुष्काळात गावाबरोबर त्यांनी हा आड खणला आणि तेव्हापासून हा रिवाज.

दर्गा लहानच आहे. काळ्या दगडाची चौरस खोली, वर चुन्याचा बुटका घुमट, दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. विजापूरच्या कुणा सरदाराला मोठा घुमट बांधायचा होता म्हणे. बाबांनी स्वप्नात येऊन सांगितलं, आड जितका खोल, तितकाच घुमट उंच. मी दोराला दगड बांधून आड मोजला. चांगला दुप्पट भरला. तसं म्हणालो तर चाचा हसले. "गाळ काढून काढून आड खाली गेला. घुमट कोण वाढवणार?"

आत दोन कबरी आहेत. मोठी बाबांची. तिच्या पायाशी एक लहान. ती पाणी देणाऱ्या बाईची. तिच्यावर चादर नसते, पाण्यानं भरलेली एक वाटी ठेवलेली असते. बाई कोणत्या जातीची होती? लिंगायत म्हणतात आमची, धनगर म्हणतात आमची, बौद्धवाड्यातले म्हणतात, दुसरं कुणी बाहेरच्याला पाणी पाजलं असतं का, आमचीच. मी चाचांना खोदून विचारलं.

"जो पुछ्या, उसकीच," चाचा म्हणाले आणि वाटीतलं पाणी बदलायला लागले.

गोष्ट छान होती. पण छान गोष्टींमागं दुकान असतं असा माझा अनुभव. आडामुळं दर्ग्याला लोक येतात, लोकांमुळं मुजावराचं घर चालतं. बोअर आली तर कोण येणार? म्हातारा बोअरला आडवा येणार हे मी धरून चाललो. आणि तो आलाच. "साहेब, इथं नको. आडाचा झरा तुटंल."

तात्या चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐकू नका त्याचं. हातपंप बसला की ज्याचं त्यानं हापसून घ्यावं. हे शेंदाशेंदीचं थोतांड तरी बंद होईल. बायका तासन्‌तास उन्हात उभ्या राहायल्यात हो." बोलणं रास्त होतं. पण त्यांची नजर रांगेवर होती. रांगेत त्यांची स्वतःची आई उभी होती, काठी टेकत, आणि तिच्या पुढं बौद्धवाड्यातली गयाबाई. एरवी गावात या दोन घरांची विहीर एक नव्हती. आता बाकीचं पाणी आटलं आणि रिवाजापुढं कुणाचं चालेना. सारा उन्हाळा चेअरमनच्या घरची पिण्याची घागर गयाबाईच्या हातानं भरली जात होती. शिवाय आडाच्या पलीकडं तात्यांचंच शिवार आणि बांधावर विजेचा खांब. सरकारी हातपंपाच्या जागी वर्षभरात मोटर कशी उगवते, हेही मी पाहिलेलं होतं.

साहेबांनी खरं ते सांगितलं. "आडाजवळ पाणी नक्की लागेल. पण झरा एकच असेल तर आड रिकामा होईल. दुसरी जागा बौद्धवाड्यात. तिथं आड धोक्यात येत नाही, पण पाणी लागेलच असं नाही." बोअर मंजूर एकच होती. कोरडी गेली तर गावाला वर्षभर दुसरी नाही. तात्यांनी ग्रामपंचायतीची चार माणसं उभी केली, सगळी म्हणाली, नक्की लागेल तिथंच घ्या. साहेबांनी आडाशेजारी खुंटी ठोकली, मुठीनं चुना टाकून फुली मारली. वाड्यातल्या जागेवर नुसता एक दगड ठेवला, पुढंमागं लागली तर म्हणून.

आठवड्यानं गाडी घेऊन पोचलो, तर आडाशेजारी खुंटी नाही. जमीन सारवल्यासारखी साफ. खुंटी बौद्धवाड्यात, साहेबांनी दगड ठेवला होता तिथं उभी होती, वर फुलीसुद्धा.

तात्या तावातावानं आले. मागोमाग निम्मं गाव. "ह्यांनीच हलवलीय. पोलीस पाटलाला बोलवा!"

गयाबाई दारातून बाहेर आली. पदर खोचलेला, आवाज शांत. "आमी खुंटी उपटली असती तात्या, तर तुमी आमाला उपटलं असतं. येवढं बी कळंना व्हय आमाला?"

इमामचाचा म्हणाले, "बाबाची मर्जी." पीर खुंट्या उपटत नाहीत एवढं मला माहीत होतं. मी म्हाताऱ्याच्या हातांकडं पाहिलं. मोतीबिंदूवाल्या माणसाला ती फुली जमली नसती. कारण फुली मी नीट पाहिली होती. साहेबांची फुली मुठीनं फेकलेली, फिसकटलेली. ही चिमटीतून सोडलेली, बारीक, सरळ, दोन्ही रेघा सारख्या. रोज अंगणात रांगोळी घालणाऱ्या हाताची. म्हणजे बाई. माझा संशय गयाबाईवरून हटेना. तिनं काकुळतीनं माझ्याकडं पाहिलं, तर मला वाटलं, नाटक करतेय.

तेवढ्यात गर्दीतून काठीचा आवाज आला. तात्यांची आई.

"आरडू नको," ती लेकाला म्हणाली. "म्या हलवली."

"आई, तू घरी जा. तुला काय कळतंय त्यातलं!"

"त्यात कळायचं काय? सारा उन्हाळा ही गया माझ्यापुढं उभी राहून माझी घागर भरायली. मी तिची कवा भरायची? मला तर माझ्या मागचीचीच भरावी लागती. रांग उलटी जात न्हाय. म्हणून खुंटी आणली हिच्या दारात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू बोअरवाला न्हव? तुला खुंटी दिसायली का न्हाय?"

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. लोकांनी हलवलेल्या खुंट्या मी जन्मभर परत जागेवर नेल्या होत्या, आणि हलवणाऱ्याला चार शब्द सुनावलेही होते. तात्या म्हणत होते, कोरडी गेली तर जबाबदार कोण. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ही म्हातारी सगळ्या गावाचं पाणी डावाला लावत होती. पण आड मेला असता तर काय गेलं असतं, ते मी त्या रांगेत पाहिलं होतं. जागा साहेबांनीच दाखवलेली होती, दगड त्यांचाच होता. मी म्हणालो, "आम्हाला खुंटी दिसते. माणूस दिसत नाही." आणि ड्रायव्हरला गाडी लावायला सांगितली.

असला दिवस मी पुन्हा पाहिला नाही. मुरूम संपला, राखाडी धूळ सुरू झाली ती थांबेचना. गेरूचा लाल थर आला तेव्हा गयाबाई पुढं सरकली. तिथं पाणी असण्याची आशा असते. तिथंही कोरडं. दांड्यामागून दांडे जात राहिले. म्हातारी मनोऱ्याच्या समोरच बसली होती, पदरानं कान झाकून. अंगभर धूळ बसून ती पांढरी पडली, पण उठेना. तात्या लांब लिंबाखाली उभे होते. मनातल्या मनात मी स्वतःला शिव्या घालत होतो. शेवटचे दोन दांडे उरले. ड्रायव्हरनं नुसती मान हलवली.

त्यातला पहिला निम्मा गेला आणि धूळ उडायची कमी झाली. मी मूठ पुढं धरली. हातात गोळा आला, ओला.

पाणी आलं ते काही कारंजं नव्हतं. जेमतेम इंचभर जाडीची धार, गढूळ. पण हातपंपाला तेवढं पुरतं. वाड्यातल्या बायका ओरडल्या, कुणी रडलं. गयाबाई म्हातारीच्या तोंडावरची धूळ आपल्या पदरानं पुसत होती. तिच्यावर मी घेतलेला संशय मनातच राहिला होता, नाहीतर माफी मागावी लागली असती.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आम्ही दांडे उचलत होतो तेव्हा तात्या जवळ आले. तोंडावर राग नव्हता, उलट समाधान होतं. हळूच म्हणाले, "झालं ते एका अर्थी चांगलंच झालं बगा. आता त्यांचं पाणी त्यांच्या वाड्यात, आमचा आड आम्हाला."

म्हातारीचे शब्द आठवले आणि प्रत्येक शब्द उलटा दिसायला लागला. गयाची घागर भरायची होती, का गयाला रांगेतून काढायचं होतं? लेकानं आरडाओरडा करायचा आणि आईनं खुंटी हलवायची, असं घरात ठरवून तर झालं नव्हतं? मी आड वाचवला होता, आणि ज्यासाठी वाचवला तेच मोडून ठेवलं होतं का? गाडी वेशीबाहेर पडली तरी हेच डोक्यात. पुढं कित्येक गावांत बोअर घेतल्या, पण हा संशय काही केल्या जाईना. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन बघा की. इथं बसून काय कळणार?"

पाऊस झाल्यावर उरूस होता, त्या निमित्तानं एस.टी.नं गेलो. आधी दर्ग्यात गेलो. लहान कबरीवर पाण्याची वाटी होती. आडावर रांग होती, पण छोटी, आणि तात्या म्हणाले होते तशीच. बौद्धवाड्यातली एक बाई त्यात नव्हती. म्हातारीही नव्हती. इमामचाचांना विचारलं तर त्यांनी नुसतं वाड्याकडं बोट केलं.

गेलो. हातपंपावर चार-पाच बायका होत्या. त्यांच्यात तात्यांची आई. घराला जवळ पडणारा आड सोडून, दुखऱ्या गुडघ्यानं सगळं गाव ओलांडून ती रिकामी घागर घेऊन इथं आली होती. पंपाचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि पंपाखाली घागर होती ती गयाबाईची.

"माय, सरा, मी हापसते," गयाबाई म्हणत होती.

"गप. मागं हायस ना तू? मग गप उभी ऱ्हा."

घागर भरली. म्हातारीनं दांडा सोडला आणि धापा टाकत बाजूच्या दगडावर बसली. तिची स्वतःची घागर तिच्यापुढच्या बाईनं आधीच भरून ठेवलेली होती. मग तिची नजर माझ्यावर गेली. ओळखलं.

"बोअरवाला न्हव? उन्हाचा आलास. पाणी प्यालास का?"

माझ्या पिशवीत बुधला होता, घरून भरून आणलेला. तो मी बाहेर काढला नाही. गयाबाईनं दांडा हातात घेतला आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिच्या मागं रांगेत कुणीच नव्हतं. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, ओंजळ धरली.

पाणी जरा मचूळच होतं. पोटभर प्यालो. मग दांडा मी घेतला. डोणीपाशी शेळ्या वाट बघत होत्या.